चार पत्त्यांची जागल: एका विनोदी हातचलाखीची सविस्तर कृती

जागल म्हणजे काय, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. तूर भरात आली किंवा हरभऱ्याला घाटे धरले, की रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून पीक राखण्यासाठी कोणाला तरी रात्रभर मचाणावर बसावे लागते, आणि तिथे बसलेला माणूस बहुधा झोपतो. या एवढ्याशा गमतीवर पुढील प्रयोग उभा आहे. त्याला चार पत्ते, एक सतरंजी आणि सरासरी तीन मिनिटे पुरतात. प्रयोगानंतर पत्ते प्रेक्षकांच्या हातात देता येतात, कारण त्यांत लपवण्यासारखे काहीही उरलेले नसते.

प्रेक्षकांना दिसते ते असे. बापाने तीन मुलगे आणि एक जावई अशा चौघांना जागलीला पाठवले आहे. चार पालथे पत्ते म्हणजे गोधडी पांघरून पडलेले हे चौघे. पहिल्या मोजणीत चौघेही झोपलेले दिसतात. बाप खाकरतो, आणि दुसऱ्या मोजणीत एक पत्ता आपोआप उलथा झालेला दिसतो. तो असतो गुलाम, म्हणजे धाकटा मुलगा. तिसऱ्या मोजणीत तो जागाच असतो, पण त्याचे ठिकाण बदललेले असते. चौथ्या मोजणीत तो पुन्हा झोपलेला असतो, पाचवीत पुन्हा उठतो, आणि शेवटी उरलेले तीन पत्ते उलटून पाहिले तर ते तीन जोकर निघतात, ज्यांच्या तोंडाला आपण आधीच मार्करने सुळे काढून ठेवलेले आहेत. भाऊ केव्हाच घरी गेलेले असतात आणि बाप रात्रभर डुकरे मोजत बसलेला असतो.

या सगळ्या प्रकारात हातचलाखी एकच आहे. चार पत्ते एकेक करून मोजल्यासारखे दाखवायचे, पण त्यांतला तिसरा पत्ता कोणालाही दिसू द्यायचा नाही. ही मोजणी स्कॉटलंडमध्ये जन्मलेले ब्रिटिश जादूगार अ‍ॅलेक्स एल्म्सली यांनी १९५० च्या दशकात बसवली. ते स्वतः तिला ‘घोस्ट काउंट’, म्हणजे भुताची मोजणी म्हणत असत. जगभरचे जादूगार मात्र तिला ‘एल्म्सली काउंट’ या नावाने ओळखतात. पुढे जादूगार डाय व्हर्नन यांनी तिचाच आधार घेऊन चार एक्के एकामागून एक उलथे होण्याचा प्रयोग केला, आणि थोड्या पत्त्यांच्या प्रयोगांना त्यानंतर मोठी चालना मिळाली. आपला जागलीचा प्रयोग त्याच घराण्यातला आहे, मात्र त्याहून पुष्कळ सोपा आहे.

पत्ते आणि त्यांची जुळवणी

एक गुलाम आणि तीन जोकर हवेत, आणि चौघांची पाठ एकाच रंगाची व एकाच नक्षीची असावी. बहुतेक कॅटमध्ये जोकर दोनच असल्यामुळे सारख्या पाठीचे दोन कॅट घ्यावे लागतात. पाठीच्या नक्षीभोवती पांढरी कडा असलेले पत्ते निवडावेत, कारण दोन पत्ते एकत्र सरकवताना खालचा पत्ता केसभर बाहेर राहिला तरी पांढऱ्यात पांढरे मिसळून जाते. कडेपर्यंत रंग भरलेल्या पाठीवर तेवढीच चूक लगेच उठून दिसते. रुंदीचाही विचार करावा. ब्रिजच्या आकाराचा पत्ता साधारण ५७ मिलिमीटर रुंद असतो आणि पोकरच्या आकाराचा ६३ मिलिमीटर. ज्यांचा हात लहान आहे त्यांनी अरुंद पत्ता घ्यावा.

प्लास्टिकचे पत्ते टिकतात, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा घामेजल्या बोटांत ते एकमेकांना चिकटतात, आणि या प्रयोगात पत्ते चिकटणे म्हणजे सगळेच संपणे. कागदी पत्ते अधिक बरे. मात्र पावसाळ्यात ते दमट होऊन फुगतात, म्हणून चार पत्ते प्लास्टिकच्या लहान पिशवीत ठेवावेत. जोकरच्या चेहऱ्यावर सुळे काढताना मार्करची शाई पाठीवर उतरत नाही ना, हे एखाद्या टाकाऊ पत्त्यावर पाहून घ्यावे. ज्या घरात डुकराचे नाव काढणे योग्य वाटणार नाही तिथे सुळ्यांऐवजी शिंगे काढावीत आणि डुकराच्या जागी रोही म्हणावे. गोष्ट तेवढीच रंगते.

जुळवणी अशी आहे. पत्त्यांची गड्डी पालथी धरली असता वरून पहिला जोकर पालथा, दुसरा जोकर पालथा, तिसरा गुलाम उलथा म्हणजे चित्र वर केलेला, आणि चौथा जोकर पालथा. गुलाम तिसरा हवा, एवढे पक्के लक्षात ठेवले की बाकीचे आपोआप जुळते.

मोजणी

ही मोजणी शिकताना प्रयोगाचे पत्ते वापरू नयेत. एक्का, राजा, राणी आणि गुलाम असे चार पत्ते याच क्रमाने, एक्का सर्वांत वर ठेवून, चित्रे वर करून घ्यावेत, म्हणजे कोणता पत्ता कुठे गेला ते स्वतःला दिसत राहते. पुढचे वर्णन उजव्या हाताच्या माणसासाठी आहे. डावखुऱ्यांनी ते उलट करून घ्यावे.

चारही पत्ते उजव्या हातात, उजव्या लांब कडेच्या मध्यावर चिमटीत धरावेत: अंगठा वर, तर्जनी आणि मधले बोट खाली. पत्त्यांचा डावीकडचा बहुतेक भाग मोकळा राहिला पाहिजे. डावा तळहात वर करून जवळ आणावा, डाव्या अंगठ्याने सर्वांत वरचा पत्ता, म्हणजे एक्का, ओढून डाव्या हातात घ्यावा आणि मनात एक म्हणावे. इथपर्यंत काहीही लबाडी नाही.

दुसऱ्या आकड्यात सगळी लबाडी आहे, म्हणून ती सावकाश समजून घेऊ. उजव्या हातात आता तीन पत्ते आहेत. हात पुन्हा जवळ येत असतानाच उजव्या अंगठ्याने वरचे दोन पत्ते, म्हणजे राजा आणि त्याच्याखालची राणी, एकाच पत्त्यासारखे जोडीने डावीकडे सरकवायचे. त्याच वेळी खालची बोटे तळाच्या गुलामाला आपल्या जागी धरून ठेवतात. आता डाव्या हातातला एक्का उजव्या हातातल्या गुलामाच्या खाली जातो आणि उजवी बोटे त्याला खालून अलगद पकडतात. नेमक्या याच क्षणी डावा अंगठा राजा-राणीची जोडी आपल्याकडे ओढून घेतो. हात वेगळे होतात तेव्हा डाव्या हातात राजा आणि त्याच्याआड राणी असते, तर उजव्या हातात वर गुलाम आणि खाली एक्का. पाहणाऱ्याला मात्र एवढेच दिसते, की डाव्या हाताने एक्क्यावर आणखी एक पत्ता घेतला.

तीन म्हणताना डाव्या अंगठ्याने गुलाम ओढून जोडीवर घ्यावा, आणि चार म्हणताना उरलेला एक्का सर्वांत वर ठेवावा. प्रेक्षकाला एक्का, राजा, गुलाम आणि पुन्हा एक्का असे चार पत्ते दिसले. राणी दिसलीच नाही. वरून पाहिले तर क्रम आता एक्का, गुलाम, राजा, राणी असा झालेला असतो. लपलेला पत्ता दर वेळी तळाशी जातो. मोजणी बरोबर होते आहे की नाही याची एक खात्रीची कसोटी आहे: लागोपाठ तीन वेळा मोजणी केली, की चारही पत्ते मूळ क्रमाला परत येतात. तीन मोजण्यांनंतर क्रम वेगळा दिसला, तर कुठेतरी हात चुकला असे समजावे.

नवशिक्याच्या दोन चुका नेहमीच्या आहेत. पहिली म्हणजे दोनाऐवजी तीनही पत्ते सरकणे. त्यासाठी खालच्या बोटांनी तळाचा पत्ता किंचित उजवीकडे ताणून ठेवावा, अंगठ्याचा जोर वाढवू नये. दुसरी चूक अधिक घातक असते, कारण ती स्वतःला कळत नाही: दोन म्हणताना हात क्षणभर थांबतो आणि खांदा ताठ होतो. एक, तीन आणि चार सहज, आणि दोन मात्र जपून, असे झाले की पत्ते नीट सरकले तरी पाहणारा ओळखतो. म्हणून आधी तेच चार पत्ते खरोखर, प्रामाणिकपणे मोजण्याचा सराव करावा, त्या मोजणीचा ठेका अंगात मुरवावा, आणि मग खोट्या मोजणीला त्याच ठेक्यात बसवावे. गिरणीवर दळण होईपर्यंत उभे राहावे लागते, तेवढा वेळ रोज दिला तर पंधरा-वीस दिवसांत हात बसतो. वेग वाढवण्याच्या मागे लागू नये. घाईघाईने मोजणारा माणूस पत्त्यांच्या खेळात नेहमीच संशयित असतो.

पाच मोजण्या आणि त्यांच्याबरोबरचे बोलणे

आता प्रयोगाचे चार पत्ते हाती घेऊ. गुलाम तिसरा आणि उलथा आहे. बोलणे मी वऱ्हाडीत देतो, कारण ही गोष्ट प्रमाण भाषेत सांगितली तर तिचा जीव जातो. आपल्या गावची बोली जशी असेल तशी ती बदलून घ्यावी.

पहिल्या मोजणीआधी म्हणावे: “बापानं तीन पोट्टे अन् एक जावई जागलीले धाडले. म्हने, आळीपाळीनं जागजा. अर्ध्या रात्री येऊन पाह्यते, तं थोरला झोपला, मधला झोपला, धाकटा झोपला अन् जावईही झोपला.” प्रत्येक नावाला एक पत्ता. चारही पालथे दिसतात आणि गुलाम तळाशी जातो. (थोरला आणि जावई हा खरे तर एकच पत्ता असतो, आणि प्रेक्षकांनी तो दोनदा पाहिला हे त्यांना कधीच कळत नाही.)

मग खरोखर खाकरावे. पत्ते सपाट धरून अर्धा फेरा फिरवावेत, जणू झोपलेल्यांनी कूस बदलली. याने क्रम बिघडत नाही, पण काहीतरी घडले असा प्रेक्षकांचा समज होतो. दुसरी मोजणी: “थोरला नाही उठला, मधला नाही उठला, धाकटा उठला! अन् जावयाले कोन उठवते?” तिसऱ्या आकड्याला गुलामाचे चित्र दिसते. इथे थांबावे. हसू येऊ द्यावे आणि ते ओसरू लागले, की पुढे जावे.

तिसऱ्या मोजणीत गुलाम दुसऱ्या आकड्याला दिसतो, आणि या यांत्रिक अपघाताचे सोने आपल्या भाषेने केले आहे, कारण जागा या शब्दाचे दोन अर्थ आहेत. “थोरला झोपला, धाकटा जागा हाय, पन जागा बदलली! मधला झोपला, जावई झोपला.” हा विनोद मुद्दाम शोधलेला नाही, सराव करताना गुलाम सरकलेला दिसला आणि तोंडातून आपसूक निघाला. दुसऱ्या आकड्याची लबाडी करताना नेमका हाच शब्दांचा खेळ चालू असतो, त्यामुळे लोक आपल्या तोंडाकडे पाहतात. हात जेव्हा काहीतरी लपवत असतो तेव्हा तोंडाने लोकांना काम द्यावे, आणि हात मोकळा असताना गप्प राहावे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकातला मुरलेला विनोदी नट टाळी संपण्याची वाट पाहतो, तसा हा थांबा पाळता आला तर निम्मा प्रयोग जमलाच.

यानंतर गुलाम पुन्हा तिसऱ्या ठिकाणी आलेला असतो. “बापाले वाटलं, चला, एक जन तरी जागा हाय. थो घराकडं वळला, अन् लगेच...” असे म्हणून चौथी मोजणी करावी, अगदी हळू, जवळजवळ कुजबुजत, चौघेही झोपलेले. इथे मी मुद्दाम एक लहानसे घोरणे घालतो.

पाचव्या मोजणीआधी एकदम मोठ्याने ओरडावे: “डुक्कर आलं रे!” पुढच्या ओळीत बसलेली दोन-चार मुले दचकतातच. मोजणीत तिसऱ्या आकड्याला धाकटा उठतो. त्यानंतर मोजणी बाजूला ठेवून चारही पत्ते पंख्यासारखे उघडावेत. तीन पाठी आणि वरून दुसरा उलथा गुलाम दिसतो. गुलाम काढून जमिनीवर ठेवावा. “धाकट्यानं बॅटरी लावली. म्हने, थोरल्या, ऊठ ना बे!” आणि पहिला जोकर उलटून टाकावा. मग मधला, मग जावई. तीनही एकदम उलटू नयेत, कारण पहिल्या जोकरला लोक गोंधळतात, दुसऱ्याला समजतात आणि तिसऱ्याला, जावयाच्या नावाने डुक्कर पडते तेव्हा, खरे हसतात. शेवटचे वाक्य: “भाऊ अन् जावई तं सांजेलेच घरी जाऊन झोपले होते. बाप रातभर डुकरंच मोजत होता!”

एक पथ्य मात्र कडकपणे पाळावे. हे चार गुलाम आहेत असे एकदाही म्हणू नये. चौघे म्हणावे, एवढेच. एक गुलाम दिसल्यावर उरलेले तीनही गुलाम असतील ही समजूत प्रेक्षक स्वतःच करून घेतात, आणि स्वतः करून घेतलेली समजूत मोडते तेव्हा बसणारा धक्का आपण सांगितलेले खोटे उघडे पडण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

बसणे, उजेड आणि प्रेक्षक

या प्रयोगाची सर्वांत कमकुवत बाजू खालून आहे. पहिल्या मोजणीच्या सुरुवातीला, आणि दुसऱ्या, तिसऱ्या व पाचव्या मोजणीनंतरही, तळाचा पत्ता पालथा जोकर असतो, म्हणजे त्याचे चित्र जमिनीकडे असते. मी एका तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी अंगणात खुर्चीवर बसून हा प्रयोग केला आणि समोर सतरंजीवर मुले बसली होती. दुसऱ्या मोजणीनंतर माझा हात छातीपर्यंत आला होता. एक मुलगा ओरडला, “काका, खालून डुक्कर दिसते!” शेवट तिथेच संपला. तेव्हापासून मी प्रेक्षकांबरोबर जमिनीवरच बसतो, पत्ते बेंबीच्या उंचीवर धरतो आणि त्यांची पुढची कड किंचित खाली झुकवतो. मुले बाजूने आणि मागून सरकत येतात, म्हणून पाठीशी भिंत किंवा तुळशीवृंदावन असावे. पहिल्या आणि चौथ्या मोजणीनंतर मात्र तळाशी उलथा गुलाम असतो, म्हणजे खालूनही पाठच दिसते. तेव्हा पत्ते सहज म्हणून वाकडे केले तरी चालते, आणि ज्याला शंका आली असेल त्याचे समाधान परस्पर होते.

उजेड डोक्यावरून यावा. बल्ब प्रेक्षकांच्या मागे असेल तर गुळगुळीत पत्ते चमकतात आणि जोडीची कड उघडी पडते. वीज गेली तर शेकोटीच्या उजेडात हा प्रयोग उलट अधिक खुलतो, कारण गोष्टच रात्रीची आहे. हुरड्याच्या वेळी किंवा प्रत्यक्ष जागलीवर तो करून पाहावा.

मोजताना लक्ष विचलित झाले आणि कितवी मोजणी झाली ते विसरले, तर घाबरू नये. एक मोजणी करावी आणि गुलाम कुठे दिसतो ते पाहावे. तिसऱ्या आकड्याला दिसला तर पुढच्या वेळी तो दुसऱ्याला दिसेल. दुसऱ्याला दिसला तर पुढच्या वेळी झोपेल. अजिबात दिसला नाही तर पुढच्या वेळी उठेल. गोष्ट त्याप्रमाणे वळवून घ्यावी. बापाला एकदा जास्त खाकरावे लागले तर कोणी हिशेब मागत नाही.

जावयाचा विनोद कुठे करायचा याचे तारतम्य हवे. सासुरवाडीच्या मंडळीत जावई समोर बसलेला असेल आणि लग्नाला अजून वर्षही झालेले नसेल, तर त्याच्या जागी शेजारी घालावा. आणखी एक गोष्ट, जी शहरातल्या माणसाला सुचणार नाही: गावात तासपत्ते दिसले की पोळ्याचा जुगार आठवतो आणि वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालतात. म्हणून पूर्ण कॅट बाहेर काढू नये, चारच पत्ते आणावेत, आणि कोणी गमतीनेही पैज लावू म्हणाला तर ती लावू नये. हे मंत्रतंत्र नसून हातचलाखी आहे, असे सुरुवातीलाच हसत सांगावे. त्याने गंमत कमी होत नाही, आणि उद्या कोणी हरवलेली गाय शोधून द्या म्हणून दारात येत नाही.

तोच प्रयोग त्याच मंडळींपुढे त्याच रात्री पुन्हा करू नये, कितीही आग्रह झाला तरी. दुसऱ्या वेळी लोकांचे डोळे तोंडावर राहत नाहीत, ते हातावर येतात. पत्ते मात्र लगेच त्यांच्या हाती द्यावेत आणि घासूनपुसून पाहू द्यावेत. परत मिळाल्यावर कोणाच्या नकळत जुळवायचे असतील तर तीन जोकर पालथे करून एकत्र करावेत, उलथा गुलाम त्यांच्यात वरून तिसरा सारावा आणि चारही पिशवीत घालून खिशात टाकावेत. पुढच्या अंगणात बाहेर काढले की ते पहिल्या मोजणीला तयार असतात.